वाजवायचा नाही असा सॅक्सोफोन : बेन वेब्स्टरच्या चाहत्यांनी त्याच्यामागे काय केलं

२० सप्टेंबर १९७३ रोजी ॲमस्टरडॅममध्ये अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टर गेला. वय ६४. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला १९३८ पासून वापरलेला एक टेनर सॅक्सोफोन, जमवलेल्या ध्वनिफिती आणि रेकॉर्ड, ध्वनिमुद्रणांवर दरवर्षी येणारी रॉयल्टी आणि दूर लॉस एंजेलिसमध्ये एक कायदेशीर वारस. आणि राहिले डेन्मार्क-हॉलंडमधले श्रोते. शेवटची जवळपास नऊ वर्षं त्यांनी त्याला अगदी पुढ्यात बसून ऐकलं होतं.

कलावंत गेल्यावर चाहते हळहळतात, श्रद्धांजलीच्या मैफली होतात, वर्षभराने सगळं ओसरतं. त्याचं शेवटचं घर जिथे होतं त्या कोपनहेगनमध्ये तसं झालं नाही. तिथल्या मंडळींपुढे अगदी व्यवहारी प्रश्न उभे राहिले. वाद्याचं काय करायचं? फितींचं काय? पैसे येत राहणार, ते कुणी घ्यायचे? या प्रश्नांची जी उत्तरं निघाली, त्यांच्यासाठी हे प्रकरण तपासण्यासारखं आहे. जॅझच्या इतिहासात मोठे सॅक्सोफोनवादक पुष्कळ झाले. ज्याच्या चाहत्यांनी मागचा हिशेब इतका नीट लावला असा वादक मला दुसरा चटकन आठवत नाही.

थोडक्यात माणूस

वेब्स्टरचा जन्म २७ मार्च १९०९ चा, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. सुरुवात व्हायोलिनने झाली, मग पियानो. सॅक्सोफोन उशिरा आला आणि त्याचे पहिले धडे बड जॉन्सनने दिले. टेनरवादक लेस्टर यंगच्या वडिलांचा कौटुंबिक बँड होता, त्यातही काही काळ वाजवून झालं. बेनी मोटेन, फ्लेचर हेंडरसन, कॅब कॅलोवे अशी एकेक पायरी चढत १९४० मध्ये तो नामवंत बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनकडे पोचला. एलिंग्टनच्या ताफ्यातला तो पहिला खरा मोठा टेनर एकलवादक. ४ मे १९४० रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘कॉटन टेल’मधलं त्याचं वादन आजही टेनर शिकणारी मुलं सुरासुराने उतरवून घेतात. त्याच रेकॉर्डमध्ये सगळे सॅक्सोफोन मिळून एक लांबलचक तुकडा वाजवतात, तोही त्याचाच बांधलेला.

ताफ्यात त्याच्या जोडीला आल्टो, म्हणजे टेनरपेक्षा उंच स्वराचा सॅक्सोफोन, वाजवणारा जॉनी हॉजेस होता. सूर लांबवत, घसरवत, मींडेसारखा नेणं वेब्स्टरने त्याच्याकडून घेतलं. पुढे आयुष्यभर हीच त्याची खरी पुंजी ठरली.

१९४३ मध्ये एलिंग्टनशी बिनसलं. का बिनसलं याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीत वेब्स्टरने रागाच्या भरात एलिंग्टनचा सूट कापून टाकला. दुसरीत, जी ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी सांगायचा, त्याने एलिंग्टनला थप्पड मारली. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, माणसाच्या स्वभावाचा अंदाज येतो. दोस्तांनी त्याला ‘ब्रूट’ म्हणावं यात नवल नव्हतं. शुद्धीवर असताना अतिशय मऊ, लाघवी. दारू पोटात गेली की समोर कोण आहे याची पर्वा नाही.

कोपनहेगनच का

१९५० च्या दशकात वेब्स्टरने त्याची सर्वोत्तम म्हणावी अशी ध्वनिमुद्रणं केली. १९५६ मध्ये आर्ट टेटमबरोबर, १९५७ मध्ये कोलमन हॉकिन्सबरोबर, १९५९ मध्ये जेरी मलिगनबरोबर. रसिक खूश होते, पण रसिकांच्या खुशीवर घर चालत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जुन्या पठडीच्या वादकाला काम मिळेनासं झालं. तरुण पोरं रॉक अँड रोलकडे वळली होती, आणि जॅझमध्ये ज्यांची चर्चा होती ते कोल्ट्रेन आणि ऑर्नेट कोलमन या प्रयोगशील सॅक्सोफोनवादकांच्या वाटेने निघाले होते. ज्या आईने आणि आजीच्या बहिणीने त्याला वाढवलं आणि उतारवयात ज्यांना त्याने सांभाळलं, त्याही याच सुमारास गेल्या. मागे ओढणारं काही उरलं नव्हतं. १९६४ च्या अखेरीला लंडनच्या रॉनी स्कॉटच्या क्लबमधून बोलावणं आलं, तो निघाला, आणि पुन्हा अमेरिकेला कधी परतला नाही.

लंडनहून तो डेन्मार्कला गेला. १९६६ ते १९६९ ॲमस्टरडॅम, मग पुन्हा कोपनहेगन. डेन्मार्कमध्ये त्याचं नाव सांगायची गरज पडली नाही. जर्मन ताब्याच्या काळात, १९४० ते १९४५ या वर्षांत, तिथे जॅझ जोरात होता. स्वेन आसमुसेनचं व्हायोलिन आणि लिओ मॅथिसनचा बँड ऐकायला लोक झुंबड करत. डॅनिश जॅझचा सुवर्णकाळ म्हणून हीच वर्षं सांगितली जातात. त्या पिढीने एलिंग्टनच्या रेकॉर्ड घासून घासून ऐकल्या होत्या. आता त्या रेकॉर्डमधला माणूस त्यांच्या गावात राहायला आला होता.

आणि जागाही होती. स्टोर रेग्नेगेड या गल्लीतलं जॅझहूस मोंमार्त्र. १९५९ मध्ये सुरू झालेला हा क्लब १९६० च्या दशकात युरोपातला अमेरिकन वादकांचा अड्डाच झाला होता. अमेरिकन टेनरवादक डेक्स्टर गॉर्डन १९६२ पासून कोपनहेगनमध्ये मुक्काम ठोकून होता. जानेवारी १९६५ मध्ये वेब्स्टरचं इथलं वादन ध्वनिमुद्रित झालं. साथीला पियानोवर केनी ड्र्यू, ड्रम्सवर ॲलेक्स रील आणि डबल बेसवर नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन. पेडरसन तेव्हा १८ वर्षांचा होता आणि रील २४. वेब्स्टर पंचावन्न पार केलेला. ही वयं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

कानात नेमकं काय राहिलं

वेब्स्टरला प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या आठवणी वाचल्या की बहुतेकांच्या बोलण्यात एकच गोष्ट फिरून फिरून येते: श्वास. सूर संपला तरी श्वास चालू राहतो. हे नुसतं भावुक वर्णन नाही, त्यामागे तंत्र आहे.

टेनर सॅक्सोफोनच्या खालच्या पट्टीत मऊ वाजवायचं तर वादक खालच्या ओठाचा दाब सैल करतो आणि जबडा जरासा मागे घेतो. ओठाचा मांसल भाग वेताच्या रीडवर, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या थरथरत्या पातळ पट्टीवर, जास्त पसरून टेकतो. रीड थरथरते, पण तिच्या कंपनातले वरचे, चिरके स्वरांश ओठात जिरतात. उरतो गोल, घुमणारा मूळ सूर आणि त्याच्याभोवती फिरणारी हवा. वादक याला सबटोन म्हणतात. ते बऱ्याच जणांना जमतं. वेब्स्टरची खुबी त्यापुढची होती. तो सूर सुरू करताना जिभेचा ठोका जवळपास देतच नसे. आधी नुसती हवा ऐकू येई, मग तिच्यातून सूर वर येई. संपवताना उलट क्रम: सूर विरत जाई, कंप रुंद आणि संथ होत जाई, आणि शेवटी कंप पावणारी हवा तेवढी उरे. त्या टोकाला सूर नेमका कधी थांबला हे सांगता येत नाही.

मलिगनबरोबरच्या १९५९ च्या तबकडीतलं बिली स्ट्रेहॉर्नचं ‘चेल्सी ब्रिज’ हेडफोन लावून ऐकलं तर हे स्पष्ट कळतं. पहिल्याच ओळीच्या शेवटचा सूर ऐका. आपण पुढच्या सुराची वाट बघत असतो, आणि तो अजून आधीचाच सूर सोडायला तयार नसतो.

आता यातली ग्यानबाची मेख. ही हवा फार लांब जात नाही. मायक्रोफोन तोंडाशी असला तर ती रेकॉर्डमध्ये उतरते; क्लब छोटा असला तर पहिल्या काही टेबलांपर्यंत पोचते. मोठ्या सभागृहाच्या मागच्या रांगेत बसणाऱ्याला फक्त सूर मिळतो. एलिंग्टनच्या मोठ्या ताफ्याबरोबर नाचघरांमध्ये वाजवताना वेब्स्टरचा हा गुण किती जणांपर्यंत पोचला असेल? युरोपात तो छोट्या क्लबांमध्ये, तीन साथीदारांबरोबर, रात्र रात्र वाजवत राहिला. तिथल्या लोकांना त्याच्या वादनातली सगळ्यात खासगी गोष्ट मिळाली. कोपनहेगनकरांचं त्याच्यावरचं प्रेम इतकं घरगुती का, याचं अर्धं उत्तर मला या अंतरात दिसतं.

उरलेलं अर्धं वयात आहे. युरोपातला वेब्स्टर थकत चालला होता. वजन वाढलेलं, दारू सुटत नव्हती, दमसास पूर्वीचा राहिला नव्हता. द्रुत लयीतली ‘कॉटन टेल’ची झेप आता रोज जमत नसे. म्हणून त्याने काय केलं, तर सूर कमी केले. संथ गीतांचे मुखडे तो जवळपास जसेच्या तसे वाजवू लागला. अलंकार गाळले, आणि एकेका सुरावर रेंगाळला. अमेरिकेतल्या जुन्या चाहत्याला विचारलं तर तो गुरगुरणारा, अंगावर येणारा वेब्स्टर सांगेल. डॅनिश किंवा डच चाहता ‘डॅनी बॉय’ वाजवणारा सांगेल. दोघंही खरंच सांगत असतात.

गोष्टी, खऱ्या आणि फिरत्या

वेब्स्टरची एक गोष्ट जॅझच्या वर्तुळात कोणीही सांगेल. संथ गीत चाललंय, लोक तल्लीन झालेत, आणि मध्येच वेब्स्टर सॅक्सोफोन तोंडातून काढतो. काय झालं म्हणून विचारल्यावर म्हणतो, शब्द विसरलो.

छान गोष्ट आहे. अडचण एवढीच की हीच गोष्ट लेस्टर यंगचीही म्हणून सांगतात आणि डेक्स्टर गॉर्डनचीही. तिघंही गीताचे शब्द पाठ असल्याशिवाय ते वाजवू नये या मताचे होते. गॉर्डन तर वाजवण्याआधी श्रोत्यांना ओळी म्हणून दाखवायचा. त्यामुळे ही गोष्ट तिघांनाही शोभते आणि तिघांमध्ये फिरत राहते. प्रकरण अभ्यास म्हणून बघताना मला हे महत्त्वाचं वाटतं: चाहत्यांची आठवण घटनेशी प्रामाणिक असेलच असं नाही, पण स्वभावाशी बहुधा असते. वेब्स्टर खरंच थांबला होता का, या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. त्याच्या मुखड्यांमध्ये शब्दांचे श्वास जिथल्या तिथे पडलेले असतात, हे मात्र ज्याला त्या गीतांचे बोल येतात त्याला पडताळून बघता येतं.

प्रेमाच्या आठवणींचा एक दोषही इथेच नोंदवायला हवा. त्या खडबडीतपणा घासून गुळगुळीत करतात. छोटीशी हॅट घातलेला, रडवेल्या सुरांचा प्रेमळ म्हातारा हत्ती, असं वेब्स्टरचं एक चित्र युरोपात रुळलं. ते खोटं नाही. योहान व्हान डर क्यूकेन या डच दिग्दर्शकाने १९६७ मध्ये त्याच्यावर छोटा माहितीपट केला, त्यातही ॲमस्टरडॅमच्या घरात वयस्क घरमालकिणीशी गुण्यागोविंदाने राहणारा वेब्स्टर भेटतो. पण त्याच माणसाबरोबर वाजवलेल्या पोरांना विचारा. साथीचा पियानोवादक घाई करू लागला किंवा ड्रमर जड झाला तर तो भर मैफलीत पाणउतारा करायचा. दारू चढल्यावर तर बोलायलाच नको. त्या तरुण साथीदारांनी ते सोसलं, कारण त्या बदल्यात त्यांना एलिंग्टनच्या शाळेतली लय थेट हातात मिळत होती. कोपनहेगनचं जॅझ पुढे जे वाढलं, त्यात या शिकवणीचा वाटा मोठा. पाणउतारा गाळून नुसती शिकवण आठवली तर ती शिकवण का लागू पडली हेही समजत नाही.

१९७१ मध्ये एलिंग्टन आपला ताफा घेऊन कोपनहेगनच्या टिव्होली बागेत आला, तेव्हा वेब्स्टर पाहुणा म्हणून त्यांच्याबरोबर वाजवला. सूट कापला असो की थप्पड मारली असो, दोघं पुन्हा एका मंचावर होते.

शेवटची मैफल सप्टेंबर १९७३ मध्ये हॉलंडमधल्या लायडन गावी, ‘ट्वे स्पीखल्स’ या छोट्या कॅफेत झाली. तिचं ध्वनिमुद्रण आहे. ती संपवताना त्याने तरुण श्रोत्यांना उद्देशून, तुम्ही वाढताय आणि मी निघालोय, अशा अर्थाचं काही म्हटल्याचं सांगतात. त्यानंतर ॲमस्टरडॅममध्ये मेंदूत रक्तस्राव झाला आणि २० तारखेला सगळं संपलं. अंत्यसंस्कार कोपनहेगनमध्ये झाले. रक्षा असिस्टेन्स कबरस्तानात पुरली आहे. हान्स क्रिश्चन अँडरसन, सोरेन किर्केगार्ड आणि नील्स बोर यांच्या कबरी जिथे आहेत, तेच हे कबरस्तान. मोंमार्त्रमध्ये साथीला असलेला केनी ड्र्यूही १९९३ मध्ये तिथेच पोचला.

तीन निर्णय

वाद्याचा निर्णय वेब्स्टरने स्वतःच करून ठेवला होता. ‘ओल बेट्सी’ हे त्याने सॅक्सोफोनला दिलेलं नाव. सेल्मर कंपनीचं बॅलन्स्ड ॲक्शन, १९३८ चं. म्हणजे एलिंग्टनकडे जाण्याच्याही आधीपासून ते लायडनच्या कॅफेपर्यंत एकच वाद्य. आपल्यामागे ते पुन्हा कुणी वाजवू नये, असं त्याने सांगून ठेवलं होतं. आज ते अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क इथे, रटगर्स विद्यापीठाच्या जॅझ अभ्यास संस्थेत ठेवलेलं आहे. बघता येतं, वाजवता येत नाही.

कागदपत्रं, रेकॉर्ड आणि इतर वस्तू ओडेन्सला सदर्न डेन्मार्क विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या जॅझ संग्रहात गेल्या. यावर फार बोलण्यासारखं काही नाही. अशा गोष्टी ग्रंथपालांच्या हाती जाव्यात हेच बरं. चाहत्याच्या माळ्यावर फिती किती दिवस टिकतात हे सगळ्यांना माहीत आहे.

खरा निर्णय पैशाचा होता. इथे बिली मूर हा माणूस येतो. मूळचा अमेरिकन संयोजक, १९४० च्या आसपास जिमी लन्सफर्डच्या बँडसाठी संगीतरचना बांधणारा, आणि नंतर कोपनहेगनला स्थायिक झालेला. वेब्स्टरच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्ताबरोबर बसून त्याने बेन वेब्स्टर फाउंडेशनची कल्पना मांडली. लॉस एंजेलिसच्या एकमेव वारसाने आपले हक्क आनंदाने फाउंडेशनला देऊन टाकले. १९७६ मध्ये डेन्मार्कच्या राणीच्या मोहोरेने फाउंडेशनला मान्यता मिळाली. डेन्मार्कमध्ये जॅझचा प्रसार करणं हे त्याच्या विश्वस्तपत्रातल्या सुरुवातीच्याच कलमांपैकी एक.

म्हणजे व्यवस्था अशी झाली: वेब्स्टरच्या ध्वनिमुद्रणांवर येणारी रॉयल्टी फाउंडेशनकडे येते, आणि तिथून डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या वादकांकडे जाते. मैफलींना मदत, कधी ध्वनिमुद्रणाला मदत, अमेरिकन वादकांना डेन्मार्कला आणणं, आणि दरवर्षी एका होतकरू वादकाला बेन वेब्स्टर पुरस्कार. पुरस्काराची रक्कम मोठी नसते. डॅनिश वादकांमध्ये त्याला मान मात्र मोठा आहे.

मोंमार्त्रमधली ती वयं आता आठवा. १८ वर्षांचा बेसवादक आणि २४ वर्षांचा ड्रमर घेऊन वेब्स्टर वाजवत होता. तरुण वादकाला पुढे ढकलायचं हे काम फाउंडेशनने नव्याने शोधलेलं नाही. वेब्स्टर हयातभर जे करत होता, कधी मायेने आणि कधी शिव्या देऊन, तेच त्यांनी शिव्या वगळून चालू ठेवलं. म्हणून हा निर्णय मला स्मारकापेक्षा जास्त पटतो. स्मारकंही झाली, कोपनहेगनच्या दक्षिण भागात बेन वेब्स्टरच्या नावाचा रस्ता आहे, आणि थॅड जोन्स, केनी ड्र्यू, अर्नी विल्किन्स या तिथे राहून गेलेल्या अमेरिकनांच्या नावांचेही आहेत. रस्त्यावर टपाल येतं, त्यापुढे काही घडत नाही.

वाद्य बंद ठेवणं बरोबर होतं का

या प्रकरणात वाद घालण्यासारखा मुद्दा हाच. वाद्य वाजण्यासाठी असतं, ते काचेत कोंडणं हा त्याच्यावर अन्याय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते हमखास इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीच्या व्हायोलिनचा दाखला देतात. ग्वार्नेरीने १७४३ मध्ये घडवलेलं ते व्हायोलिन पागानिनीने जेनोआ शहराला दिलं, आणि त्याच्या नावाच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला आजही ते वाजवण्याचा मान मिळतो.

पण दोन वाद्यांची जात वेगळी. व्हायोलिनचं लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकतं, तारा बदलल्या तरी आवाज त्या लाकडाचाच राहतो. सॅक्सोफोन हे पितळी नळीवर बसवलेलं यंत्र आहे. भोकांवर बसणारे चामडी पॅड वाळतात, गळतात, बदलावे लागतात. मानेवरचा बूच झिजतो. पोलादी स्प्रिंगा गंजतात. बेट्सी पुन्हा वाजती करायची तर वेब्स्टरच्या बोटांनी ज्यांवर हजारो रात्री दाब दिला ते सुटे भाग आधी काढून टाकावे लागतील. आणि इतकं करून वेब्स्टरचा आवाज त्यातून येणार नाही, कारण तो आवाज पितळेत फारच थोडा होता. तो ओठ, जबडा, रीड, तोंडात धरायची मुखपट्टिका आणि छाती यांत होता. बाजारात आज बॅलन्स्ड ॲक्शन मिळतात, लोक भरपूर पैसे मोजून घेतात, आणि घरी जाऊन स्वतःसारखेच वाजतात.

आल्टोवादक चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनचं काय झालं ते शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. त्याने १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवलेला पांढरा प्लॅस्टिकचा ग्राफ्टन आल्टो १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावात गेला. पीटर किंग या ब्रिटिश वादकाने तो लिलावात वाजवून दाखवला आणि ९३,५०० पौंडांना तो विकला गेला. घेणारं शहर होतं कॅन्सस सिटी. वेब्स्टरचंही गाव तेच. आता तो तिथल्या जॅझ संग्रहालयात आहे. म्हणजे शेवटी दोन्ही सॅक्सोफोन काचेमागेच गेले. फरक इतकाच की एकाच्या बाबतीत ते वादकाने ठरवलं, आणि दुसऱ्याच्या बाबतीत बाजाराने.

मी वेब्स्टरच्या बाजूचा आहे. त्याने वाद्य अडवलं आणि वादन मोकळं सोडलं. उलटं झालं असतं तर बेट्सी एखाद्या श्रीमंत संग्राहकाच्या बैठकीत अधूनमधून वाजली असती आणि रॉयल्टी वकिलांच्या हिशेबात मुरली असती.

पुढचा पेच

फाउंडेशनच्या रचनेत एक कच्चा दुवा मात्र आहे, आणि तो चाहत्यांनी समजून घ्यायला हवा. रॉयल्टीला मुदत असते. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणातल्या कलाकाराचे हक्क पूर्वी ५० वर्षं टिकत. २०११ च्या निर्देशाने ती मुदत प्रकाशनापासून ७० वर्षं केली, पण १ नोव्हेंबर २०१३ रोजी जे हक्क जिवंत होते त्यांनाच हा लाभ मिळाला. याचा वेब्स्टरच्या बाबतीत अर्थ असा की १९४० चं ‘कॉटन टेल’, १९५३ चं ‘डॅनी बॉय’, हॉकिन्स आणि मलिगनबरोबरच्या तबकड्या, १९६२ ची हॅरी एडिसनबरोबरची, हे सगळं युरोपात मुदतीबाहेर गेलं. म्हणूनच त्या काळातल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या स्वस्त युरोपीय आवृत्त्या ढिगाने निघतात. त्या काढणाऱ्यांना कलाकाराच्या वारसाला काही देण्याचं बंधन तिथे नाही.

संरक्षण उरलं आहे ते १९६३ पासून पुढे प्रकाशित झालेल्यांना. म्हणजे नेमकी युरोपातली वर्षं: मोंमार्त्र, ॲमस्टरडॅम, लायडन. समीक्षकांनी ज्याला उतरता काळ म्हटलं, तोच आता त्याच्या नावाने तरुण वादकांना पोसतो आहे. आणि तीही मुदत कायमची नाही. १९६५ मध्ये प्रकाशित झालेलं २०३५ च्या अखेरीस सुटेल, १९७३ मधलं २०४३ च्या अखेरीस. उशिरा प्रकाशित झालेल्या काही मैफली आणखी थोडी वर्षं तग धरतील. फाउंडेशनला तोवर दुसरा काही आधार उभा करावा लागेल, किंवा पुरस्कार नुसत्या मानापुरता उरेल.

तोवर ज्याला वेब्स्टर ऐकायला सुरुवात करायची आहे त्याने स्वस्त संकलनांच्या नादी न लागता मोंमार्त्रची जानेवारी १९६५ ची ध्वनिमुद्रणं रीतसर विकत घ्यावीत. हेडफोन लावावेत, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवावा. पेडरसनचा बेस पहिल्यापासून लक्ष वेधून घेईल, ते साहजिक आहे. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक ओळीच्या शेवटचा सूर धरावा, आणि लोक टाळ्या द्यायला नेमके कधी धजावतात ते बघावं.